हमी कुणाला, कशासाठी आणि किती?
(गरीब व बेकारांना सरकारने मदत द्यावी काय, याचा एक अभ्यास)



दर अंकात या पानावर आम्ही बेणेप्रक्रिया, हुमणी, खोडव्याची जोपासना असे विषय घेऊन येतो. या वेळी विषय जरा वेगळा आहे. तो आम्ही निवडलेला नाही, तुमच्यापैकीच एका सभासदाने आमच्यासमोर टाकलेला आहे.

झाले असे की, गेल्या महिन्यात एका गटात शिवारफेरीनंतर पिंपळाच्या पारावर बैठक बसली होती. आम्ही तणनियंत्रणाची माहिती सांगत होतो. पहिली भांगलण वेळेवर झाली नाही तर फुटवे कमी पडतात, एवढे बोलून होते न होते तोच एक वडीलधारे सभासद उठले. "सायेब, भांगलण वेळेवर करा म्हणताय, पण बायका आणायच्या कुठनं? सरकार घरबसल्या फुकाट धान्य देतंय, खात्यावर पैसं टाकतंय. मग उनात मरायला कोन येनार? सरकारनं ही खैरात बंद केली पायजे." सभेत हशा झाला, टाळ्याही पडल्या.

त्या वेळी आम्हांस नीट उत्तर देता आले नाही. तणनाशकाचे प्रमाण सांगून वेळ मारून नेली. पण प्रश्न मनातून जाईना. कारण तक्रार खोटी नव्हती. मजुराअभावी तणात गेलेले फड आम्ही रोज पाहतो. पण निदान बरोबर आहे का? पान पिवळे पडले की प्रत्येक वेळी युरिया टाकून चालत नाही. कधी लोह कमी असते, कधी मुळाशी पाणी साचलेले असते. म्हणून या प्रश्नाचाही माती-परीक्षणासारखा अभ्यास करावा असे ठरवले. तो तुमच्यापुढे ठेवीत आहोत. पटेल ते घ्यावे.

१. आधी प्रश्न नीट मांडू

"गरिबांना मदत" असे आपण सरसकट बोलतो, पण गरीब एका जातीचा नसतो. साधारण तीन गट पडतात.

(अ) ज्याचे हातपाय चालतात, कामाची तयारी आहे, पण वर्षातले काही महिने कामच मिळत नाही.

(ब) ज्याला काम करताच येत नाही. निराधार म्हातारी माणसे, अपंग, दुर्धर आजारी, पदरी लहान लेकरे असलेली विधवा.

(क) जो वर्षभर काम करतो, पण मजुरीत घरच्यांचे पोट पुरते भरत नाही.

तिघांचे औषध एक नाही. पहिल्याला काम पाहिजे. दुसऱ्याला थेट आधार पाहिजे. तिसऱ्याला ताटातली कमी भरून काढणारे थोडे धान्य आणि रास्त मजुरी पाहिजे. एकाचे औषध दुसऱ्याला दिले की सरकारचा पैसा वाया जातो आणि मग सगळी मदतच बदनाम होते.

आपल्या राज्यघटनेने हा विचार पूर्वीच केलेला आहे. ४१ व्या अनुच्छेदात म्हटले आहे की, राज्याने आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत कामाचा हक्क मिळवून देण्याची तरतूद करावी, तसेच बेकारी, वार्धक्य, आजार व अपंगत्व या प्रसंगी सार्वजनिक साहाय्याचीही करावी. "काम" आणि "साहाय्य" हे दोन वेगळे शब्द आहेत आणि "कुवतीच्या मर्यादेत" हा तिसरा शब्दही आहे. पुढचा सगळा विचार या तीन शब्दांभोवतीच फिरणार आहे.

२. मजुराच्या बाजूने उसाचे पंचांग

आपण उसाचे पंचांग आपल्या बाजूने पाहतो. एकदा मजुराच्या बाजूने पाहू.

आडसाली लागण जुलै-ऑगस्टात, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, सुरू जानेवारी-फेब्रुवारीत. लागणीला माणसे लागतात. मग दोन-तीन भांगलणी, खतांचे हप्ते, बाळबांधणी आणि शेवटी मोठी बांधणी. ही कामे लागणीपासून पहिल्या चार-साडेचार महिन्यांत संपतात. त्यानंतर काय होते? पाने एकमेकांत मिसळतात, सरी झाकली जाते, तण आपोआप दबते. आपण खूश होतो की आता ऊस जोमात आला. खरेच आहे. पण उसाने सरी झाकली की मजुराचे काम संपले! त्यापुढे उसाला पाणी लागते, माणूस लागत नाही. तोड येते तेव्हाही गावचा मजूर फडात नसतो. तोडीला बाहेरच्या टोळ्या येतात.

म्हणजे ज्या पिकाने आपली घरे उभी राहिली, ते पीक शेजारच्या भूमिहीनाला वर्षातले थोडेच दिवस काम देते. ते दिवस सगळ्यांचे एकदमच येतात, म्हणून आपल्याला टंचाई वाटते. उरलेल्या दिवसांत तोच माणूस कामाला फिरतो, तेव्हा आपण त्याला "आज काही नाही बाबा" म्हणतो. जिरायत भागात तर याहून कठीण. तिथे पाऊस गेला की कामच गेले.

तेव्हा बेकारी म्हणजे आळस, हे समीकरण निदान शेतमजुराला लागू पडत नाही. त्याची बेकारी हंगामी आहे आणि ती आपल्याच पीकपद्धतीतून आलेली आहे.

३. महाराष्ट्राने काढलेला तोडगा

या हंगामी बेकारीवर तोडगा काढणारे पहिले राज्य आपले आहे, याचा आपणांस विसर पडतो. शिवाय तो तोडगा मुंबईच्या कचेरीत सुचलेला नाही. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूर हे गाव आहे. वि. स. पागे हे त्या परिसरातले कार्यकर्ते, पुढे विधान परिषदेचे सभापती. १९६० नंतरच्या दशकात त्यांनी विसापूर भागात प्रयोग केला. ज्याला काम पाहिजे त्याला काम द्यायचे आणि ते काम असे निवडायचे की त्यातून गावची माती, पाणी, रस्ता सुधारेल. मजुरी ही खैरात नव्हे, केलेल्या कामाचे दाम, हा त्यातला मुख्य विचार.

१९७२ साली वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना राज्याने रोजगार हमी योजना पुढे आणली आणि त्याच सुमारास तो भयंकर दुष्काळ कोसळला. जुन्या सभासदांना ती वर्षे सांगावी लागणार नाहीत. खडीचे ढीग, नालाबांध, पाझर तलाव, सुकडी आणि तो लाल मिलो! १९७३ च्या मे महिन्यात राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. पिके साफ बुडाली होती, पण माणसे भुकेने मेली नाहीत. मजुरी हातात असल्यामुळे माणूस बाजारात उभा राहू शकला. १८७६-७८ च्या दुष्काळात याच मुलुखात माणसे लाखांनी गेली होती. दोन्ही वेळी पाऊस रुसला, पण दुसऱ्या वेळी सरकार आपली जबाबदारी मानत होते.

दुष्काळ सरला तरी योजना राहिली. १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. ग्रामीण भागातील ज्या प्रौढ माणसाला अंगमेहनतीचे काम पाहिजे, त्याने मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम मिळालेच पाहिजे. न मिळाल्यास बेकार भत्ता द्यावा लागेल. स्त्री-पुरुषांस कामाच्या मापाप्रमाणे सारखीच मजुरी. कामावर पिण्याचे पाणी, सावली, लेकरांच्या सांभाळाची सोय. काम मागणे हा कायद्याने हक्क झाला. पुढे १९९०-९१ पासून फळबाग लागवड या योजनेला जोडली गेली आणि कोरडवाहू माळांवर आंबा, बोर, डाळिंब उभे राहिले.

देशाने हाच धडा २००५ साली गिरवला. त्या वर्षी संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा करून कुटुंबाला वर्षात १०० दिवसांची हमी दिली. २००६ च्या फेब्रुवारीत २०० जिल्ह्यांत सुरू झालेले काम २००८ पासून सगळ्या ग्रामीण जिल्ह्यांत गेले आणि २००९ मध्ये त्याला महात्मा गांधींचे नाव मिळाले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. त्यात दिवस १२५ केले, खर्चाचा मोठा वाटा राज्यांवर टाकला आणि पेरणी-कापणीच्या ऐन हंगामात मिळून ६० दिवसांपर्यंत ही कामे बंद ठेवण्याची तरतूद केली. या शेवटच्या तरतुदीकडे आपण पुढे वळणार आहोत. ती आपल्याच तक्रारीतून आलेली आहे.

४. घरची एक आठवण

स्वतःबद्दल या पानावर लिहिण्याचा आमचा प्रघात नाही. पण विषयाला धरून आहे म्हणून लिहितो.

आमचे मूळ गाव माण तालुक्यातले. चार एकर कोरडवाहू, त्यात निम्मा मुरूम. वडील दिवाळीनंतर कोयता घेऊन इकडच्या बागायत पट्ट्यात तोडीला येत. हंगाम संपवून घरी येत ते उचल फिटली का नाही याचा हिशोब करीतच. १९८६ च्या उन्हाळ्यात गावाजवळ रोजगार हमीतून पाझर तलावाचे काम निघाले. आमच्या मातोश्री त्या कामावर होत्या. आम्ही पाच-सहा वर्षांचे असू. बाभळीखाली पोती बांधून सावली केलेली, तिथे लेकरांना बसवत. वडील खणायचे, आई पाटीने माती वाहायची. शनिवारी मिस्त्री टेप लावून खड्डा मोजायचा.

त्यात सगळे गोड होते असे नाही. मजुरी आठवड्याला मिळायची, ती एकदा दोन महिने मिळाली नाही. कुठल्या तरी कचेरीत कागद अडला होता. त्या दोन महिन्यांत आईने वाण्याकडे उधारी केली आणि चांदीच्या पाटल्या मोडल्या. हजेरीपटावर अशीही नावे होती, ज्यांना आम्ही कामावर कधी पाहिले नाही. हे आम्ही विसरलेलो नाही.

पण दुसरीही गोष्ट विसरलेलो नाही. त्या वर्षी आमचे घर गाव सोडून गेले नाही. जूनमध्ये आमचे नाव शाळेत पडले. तलावात पाणी साठल्यावर खालच्या अंगाच्या तीन विहिरींना पाझर फुटला आणि त्यातली एक आमची भावकीची होती. वडिलांनी पुढे चार वर्षांनी कोयता खाली ठेवला. आम्ही कृषी पदविका घेतली आणि आज तुम्हाला बेणे निवडायला सांगतो, त्याच्या मुळाशी सरकारी पैशाने पडलेला तो मातीचा बांध आहे. ती मदत फुकट नव्हती. आईच्या डोक्यावरची पाटी तिची साक्ष आहे. पण सरकारने ते काम काढले नसते तर ती पाटी रिकामीच राहिली असती.

५. पैसा कुठून आला?

हा प्रश्न रास्त आहे. सरकारकडे स्वतःचा पैसा नसतो; एकाच्या खिशातून काढून दुसऱ्याला देणे हेच त्याचे काम.

रोजगार हमीसाठी आपल्या राज्याने १९७५ साली व्यवसायकर बसवला. नोकरदार, व्यापारी, व्यावसायिक यांनी तो भरायचा आणि सरकारने त्यात आपली भर घालायची. आमच्या पगारपत्रकात दरमहा २०० रुपये कापलेले दिसतात, ते हेच. मोटारी, विक्री यांवरही जादा कर आला. आणि सभासद बंधूंनो, बागायती जमिनीवरही रोजगार हमी उपकर आला. घरी जुन्या पेटीत तलाठ्याच्या पावत्या असतील तर काढून पहा. शेतसारा, स्थानिक उपकर, शिक्षण कर आणि त्याच्या शेजारी "रो. ह. कर" असा रकाना सापडेल.

तुमच्या वडिलांनी, आजोबांनी तो भरला. ओल्या शिवाराने कोरड्या शिवाराला हात दिला, तो असा. रक्कम लहान होती. पण ज्याला पाटाचे पाणी मिळाले त्याने न मिळालेल्याचे थोडे देणे लागते, हे त्यात मान्य केलेले होते. पाणी काही आपण एकट्याने आणले नव्हते. धरण सगळ्यांच्या पैशाने झाले आणि त्यापायी कुणाचे तरी गाव पाण्याखाली गेले.

६. आक्षेप आणि त्यांची तपासणी

*आक्षेप पहिला : फुकट धान्याने माणूस आळशी होतो.*

हिशोब करून पाहू. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य गटातील कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य मिळते. अगदी गरीब अशा अंत्योदय कुटुंबाला महिना ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य झाले. आता उन्हात राबणाऱ्या माणसाला रोजचे किमान अर्धा किलो धान्य धरा, म्हणजे महिन्याला १५ किलो. त्यातले ५ किलो रेशनचे. दहा दिवस भागले. उरलेले वीस दिवस? आणि तेल, डाळ, मीठ, साखर, चहा, साबण, औषध, वही, एस.टी.चे भाडे? एवढ्यावर कोण घरात बसून राहील?

मग मजूर जातो कुठे? बांधकामावर जातो, औद्योगिक वसाहतीत जातो, उक्त्या कामाच्या टोळीत जातो. तिथे रोज जास्त आहे किंवा महिनाभर सलग काम आहे. म्हणजे तो कामच करतो आहे, फक्त आपल्याकडे करीत नाही. हे पचायला जड आहे, पण खरे आहे.

*आक्षेप दुसरा : रोजगार हमीमुळे मजुरी वाढली आणि ऐन हंगामात माणसे मिळेनाशी झाली.*

यात तथ्य आहे. ज्याला दुसरीकडे काम मिळण्याची खात्री असते, तो पडेल त्या दराने येत नाही. शेतकऱ्याचा खर्च वाढतो, हे आम्ही नाकारीत नाही. पण १ एप्रिल २०२५ पासून या कामाचा महाराष्ट्रातला दर दिवसाला ३१२ रुपये होता. बागायत भागात गडी माणसाचा रोज काय चालतो, ते तुम्हीच ताडून पहा. जास्त रोज सोडून कमी रोजाकडे कुणी जात नाही. तिकडे माणूस जातो तो मुख्यतः आपल्याकडे काम नसते त्या दिवसांत.

२०२५ च्या कायद्यातील ६० दिवसांची तरतूद याच तक्रारीवर आहे. आपल्या दृष्टीने ती सोयीची वाटेल. पण एक ध्यानात घ्या. सरकारने त्या दिवसांत काम थांबवायचे ते आपल्याकडे काम आहे असे धरून. आपण त्या दिवसांत काम दिले नाही, किंवा "आता जातोय कुठे" म्हणून रोज पाडला, तर ती तरतूद मजुराच्या पोटावर पाय ठरेल. सोय घेतली की जबाबदारीही आली.

*आक्षेप तिसरा : यात चोऱ्या फार होतात.*

होतात. बोगस हजेरी, कागदावरचे बांध, रखडलेली मजुरी हे सगळे झालेले आहे. वर आमचाच अनुभव दिला. पण काटामारी होते म्हणून आपण ऊस घालणे बंद करतो का? काटा तपासून घेतो, पावती मागतो, सभेत बोलतो. चोरीवर उपाय म्हणजे पहारा. शेत सोडून देणे हा उपाय नव्हे.

*आक्षेप चौथा : मग सगळ्यांनाच रोख वाटत सुटायचे का?*

नाही, आणि इथे आम्ही आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूने आहोत. ज्याला गरज नाही त्याने गरिबाच्या नावावर उचलले, तर खऱ्या गरजूच्या वाटणीचे कमी पडते. पाच एकर बागायत आणि दारात चारचाकी असून पिवळे कार्ड बाळगणारी घरे आपल्या गावांत आहेत. नावे सांगायची गरज नाही, ज्याची त्याला ठाऊक आहेत.

७. हमीवर कोण कोण उभे आहे?

आता थोडे आपल्याकडे वळू. रागावू नये, ही विनंती.

आपला ऊस गाळपाला गेला की १४ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, न मिळाल्यास वर्षाला १५ टक्के दराने व्याज मिळाले पाहिजे, असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. उसाला कमीत कमी किती दर द्यायचा हे केंद्र सरकार ठरवते. पूर्वी त्यास किमान वैधानिक दर म्हणत, २००९ पासून रास्त व किफायतशीर दर म्हणतात. साखरेचा भाव पडो वा चढो, त्याखाली दर देता येत नाही. ही हमीच आहे, आणि ती असावी असेच आमचे मत आहे. त्यासाठी शेतकऱ्यांनी रस्त्यावर उतरून लढे दिलेत.

सहकारी कारखानदारीचा इतिहासही तोच आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेचा कारखाना उभा केला, १९५० साली त्याचे गाळप सुरू झाले. शेतकऱ्यांनी पोटाला चिमटा घेऊन शेअर्स घेतले, हे खरेच. पण त्याबरोबर सरकारचे भागभांडवल आणि कर्जाला सरकारची हमीही सहकारी कारखान्यांच्या पाठीशी राहिली. २०१९ पासून पी.एम. किसानचे वर्षाला ६००० रुपये शेतकऱ्याच्या खात्यावर येऊ लागले. त्यासाठी कुणी पाटी वाहिलेली नाही.

शेतकऱ्याला बाजाराच्या आणि पावसाच्या तोंडी एकटे सोडू नये, म्हणून हे सर्व आहे. योग्यच आहे. पण मग मजुरालाही त्याच बाजाराच्या आणि त्याच पावसाच्या तोंडी एकटे का सोडावे? आपल्याला मिळाली की ती हमी आणि त्याला मिळाली की खैरात, हे न्यायाचे होत नाही. आपले १४ दिवस आणि त्याचे १५ दिवस एकाच झाडाची फळे आहेत. एकावर कुऱ्हाड पडली तर घाव बुंध्यालाच बसणार.

ऊसतोड कामगारांबाबत आपल्या राज्याने हाच विचार अलीकडे केला. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळपाच्या उसावर कारखान्यांनी प्रतिटन १० रुपये द्यावेत आणि तितकीच रक्कम शासनाने घालावी, असे ठरले. तोडणी कामगारांच्या मुलामुलींसाठी २०२१ पासून संत भगवानबाबा यांच्या नावे वसतिगृहांची योजना आली. उसाच्या पाल्यात झोपवलेले तान्हे मूल आम्ही हंगामात रोज पाहतो. त्या मुलाने हाती कोयता न घेता वही घ्यावी, यासाठी टनामागे दहा रुपये ही फार मोठी किंमत नव्हे.

८. मदत पाण्यासारखी द्यावी

तर मग निष्कर्ष काय? आमच्या धंद्यातल्या भाषेत सांगतो.

पाणी दिले नाही तर ऊस वाळतो. यात वाद नाही. पण पाणी बेहिशेबी सोडले तर काय होते, तेही कृष्णा-वारणाकाठच्या शेतकऱ्याला सांगायला नको. जमीन क्षारपड होते, चोपण होते, पुढे गवतही उगवत नाही. दोष पाण्याचा नसतो, देण्याच्या पद्धतीचा असतो. सरकारी मदतीलाही हेच तीन नियम लावावेत.

एक, मुळाशी द्यावे. पाटाने सोडलेले पाणी वाटेतच मुरते, ठिबकाचे मुळाशी जाते. मदत खऱ्या गरजूच्या हातात पडावी, मधल्यांनी पिऊ नये.

दोन, वेळेवर द्यावे. फुटव्याच्या वेळी चुकलेली पाळी नंतर दुप्पट पाणी देऊन भरून येत नाही. मजुरी दोन महिन्यांनी मिळाली तर तोवर पाटल्या मोडलेल्या असतात.

तीन, पिकाप्रमाणे द्यावे. धडधाकट माणसाला काम द्यावे आणि ते काम गावाची ताकद वाढवणारे असावे. ज्याला काम करताच येत नाही, त्याच्याकडून पाटीची अपेक्षा धरू नये. त्याला थेट द्यावे आणि मानाने द्यावे. १९८० साली सुरू झालेली संजय गांधी निराधार योजना आणि वृद्धांसाठीची श्रावणबाळ योजना यासाठीच आहेत. त्यातली महिन्याची रक्कम २०२३ साली १००० वरून १५०० रुपये झाली. तेवढ्या पैशात एक म्हातारी सुनेपुढे हात पसरायचा थांबते.

"असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी" म्हणत बसणाऱ्याला सरकारने पोसू नये, हे आम्हांस मान्य. पण आमच्या इतक्या वर्षांच्या फिरतीत खाटल्यावर बसलेला गरीब आम्हांस क्वचितच दिसला. बहुतेकांकडे खाटलेच नव्हते.

९. सभासदांनी काय करावे?

अभ्यास करून सोडून दिला तर उपयोग नाही. म्हणून चार गोष्टी सुचवतो.

(१) ग्रामसभेला जावे. गावच्या कामांचा आराखडा होतो तेव्हा आपण घरी असतो आणि नंतर नावे ठेवतो. पाणंद रस्ता, नाला खोलीकरण, विहीर, शेततळे ही कामे मजुराला मजुरी देतात आणि आपल्याला पाणी व वाट. पावसाळ्यात उसाची ट्रॉली जिथे रुतते, तो रस्ता आराखड्यात घालून घ्या.

(२) भांगलणीचे आणि बांधणीचे वेळापत्रक गटाने मिळून करावे. दहा शेतकऱ्यांनी एकाच दिवशी माणसे शोधण्यापेक्षा पाळी लावली, तर मजुरांच्या त्याच टोळीला महिनाभर सलग काम मिळेल आणि ती बांधकामावर जाणार नाही. या कामी शेतकी विभागाचे गट कार्यालय मदत करील.

(३) आपल्या वाडी-वस्तीवर निराधार विधवा, अपंग, एकटी म्हातारी माणसे असतील तर त्यांचा अर्ज भरून द्यावा. त्यांना तहसील कचेरीची पायरी चढता येत नाही. आपल्या घरचा शिकलेला मुलगा एका दुपारी हे काम करू शकतो.

(४) स्वतःची गरज नसताना गरिबाच्या नावावरची सवलत घेत असल्यास ती सोडावी. हे कुणी सांगावे लागत नाही, म्हणून एवढेच लिहितो.

त्या बैठकीतल्या वडीलधाऱ्या सभासदांना त्या दिवशी देता आले नाही ते उत्तर इथे दिले आहे. दादा, तुमची तक्रार खरी आहे, तुमचा फड तणात गेला हे आम्ही पाहिले आहे. पण भांगलणीला बाई आली नाही त्याचे कारण तिच्या रेशनच्या पिशवीत नाही. उरलेल्या आठ महिन्यांत आपण तिला विचारले नाही, तिथे ते आहे. येत्या मोसमात तुमच्या गटापासूनच पाळीपत्रक सुरू करू. आम्ही स्वतः येतो. पार तोच आणि चहा तुमच्याकडे.

आपले,
ऊस विकास अधिकारी
शेतकी विभाग